आलेखाची खिडकी

या शतकाच्या आरंभीची गोष्ट. शिकागो विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत एक लहानशी किल्ली हातोहात फिरत असे. ती कुलुपाची नव्हती, संगणकाला खोचावयाची होती. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्कंपने पडद्यावर रेषांनी दाखविणारा एक विकतचा प्रोग्रॅम तेथे होता. त्याचा परवाना एकच. आणि ज्याच्या संगणकाला ती किल्ली असेल त्याच्याकडेच तो चाले. विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक, सारे पाळीपाळीने ती मागून नेत. गावात आड एकच असावा आणि त्याला पोहराही एकच असावा, तशातली ही तऱ्हा. तेथे काम करणाऱ्या जॉन हंटर नावाच्या तरुण संशोधकाच्या मनातून ही पाळी मोडावयाची होती. त्याने पुढे जे रचले ते आज मॅटप्लॉटलिब या नावाने जगभर ओळखले जाते. पायथन या संगणकभाषेत आलेख काढण्याचे ते साधन आहे. आणि कोणीही ते फुकट घ्यावे, उघडून पाहावे, त्यात भर घालावी, अशी त्याची मोकळीक आहे.

पण आलेख पाहण्यासाठी माणसांनी असे खोळंबून का बसावे? तो एकदा छापून भिंतीला का डकवू नये? याचे उत्तर त्या रोगातच आहे. ज्यांचे झटके औषधांना दाद देत नाहीत अशा काही रुग्णांची कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावरच विद्युदग्रांची जाळी ठेवतात. प्रत्येक अग्राची एक रेषा. अशा कित्येक रेषा एकीखाली एक तासन् तास धावत असतात. झटका पसरला की रेषांमागून रेषा खवळतात. परंतु शस्त्रवैद्याला हवी असते ती सर्वांत आधी थरथरलेली रेषा, कारण सुरी कोठे चालवावयाची हे तिच्यावरून ठरवावयाचे असते. म्हणून पाहणाऱ्याला मागे जावे लागते, पुढे यावे लागते, एखादा सेकंद ताणून हातभर करावा लागतो, एका रेषेवर बोट ठेवून "ही कोणत्या अग्राची?" असे विचारावे लागते. चित्राने तत्काळ उत्तर दिले पाहिजे. येथे चूक झाली तर ती कोणाच्या तरी मेंदूत होते.

आलेखाच्या इतिहासात ही मागणी तशी अलीकडची. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेषा प्रसिद्ध केल्या, त्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या होत्या. कोरणाऱ्याने हात उचलला की आलेख संपला. वाचकाने तो पाहावा, पटला तर मान डोलवावी. उलट विचारण्याची सोय नाही. १८४७ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविगने फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेषा आपोआप उमटेल असे यंत्र केले. येना येथे हान्स बर्गरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्कंपने प्रथम टिपली आणि पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, ती जगापुढे मांडली. त्यानंतर कित्येक दशके डॉक्टर मंडळी कागदाच्या घड्यांमागून घड्या उलटून मेंदू वाचीत आली. कागद मागे-पुढे करता येई, एवढीच त्या आलेखाची बोलण्याची शक्ती.

पडद्यावरील आलेख हाताने फिरवून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या कणभौतिकी केंद्रात झाला. संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी व त्याचे सहकारी यांनी 'प्रिम-९' नावाची व्यवस्था उभारली. नऊ मितींपर्यंतची माहिती ठिपक्यांच्या थव्यासारखी पडद्यावर मांडावी, बटणे दाबून तो थवा फिरवावा, त्यातला तुकडा वेगळा काढून पाहावा, असा तो खेळ. आलेख हा निष्कर्ष सजविण्यासाठी काढावयाचा नसून निष्कर्षाच्या शोधात निघताना काढावयाचा असतो, हा टुकीचा आग्रह. १९७७ साली त्याने त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मात्र हा खेळ खेळण्यास मोठ्या संशोधनकेंद्राचा संगणक लागे. सामान्य डॉक्टराच्या टेबलापर्यंत तो पोहोचावयास वेळ लागला.

दरम्यान न्यू मेक्सिको विद्यापीठातील क्लीव्ह मोलर या प्राध्यापकाने, आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान भाषेची यातायात करावी लागू नये म्हणून, मॅटलॅब रचले होते. १९८४ पासून ते कंपनीमार्फत विकले जाऊ लागले. एक आज्ञा लिहावी की चित्राची खिडकी उघडे, दुसरी लिहावी की तिच्यात रेषा उमटे. हंटरने प्रथम त्याचाच आधार घेतला. परंतु रुग्णालयाची माहिती म्हणजे नुसत्या आकड्यांचे तक्ते नव्हेत. नाना प्रकारची छायाचित्रे आणि नोंदी वेगवेगळ्या संगणकांवर पडलेल्या. तो भार तेथे पेलेना. तेव्हा तो पायथनकडे वळला.

पायथनमध्ये फर्नांडो पेरेझ या कोलंबियातील तरुणाने आज्ञा लिहिताच उत्तर देणारी आयपायथन नावाची सोय २००१ साली सुरू केली होती. तिला आलेखाची जोड देणारी दुरुस्ती हंटरने २००२ मध्ये त्याच्याकडे धाडली. पेरेझ त्या वेळी आपला पीएच. डी. चा प्रबंध पुरा करण्याच्या घाईत होता. पुढले काही महिने हे पाहावयास सवड नाही, असे त्याने कळविले. एखादा रुसून बसला असता. हंटरने स्वतंत्र चूल मांडली आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिबची ०.१ ही पहिली आवृत्ती बाहेर पडली. प्रबंधाच्या घाईचे इतके गोड फळ मी तरी दुसरे ऐकलेले नाही.

त्याने या घराला दोन दरवाजे ठेवले. एकातून जाणारा प्रत्येक वस्तूचे नाव घेतो: या आकृतीतील, या अक्षांवर, ही रेषा काढ. दुसऱ्यातून जाणारा केवळ "रेषा काढ" म्हणतो. कोठे, हे सांगत नाही. यंत्र स्वतःशी एक 'चालू आकृती' धरून असते, रेषा तिच्यात पडते. आकृतीच नसेल तर ते नवी उघडते. प्रत्येक खिडकीला क्रमांक असतो. दोन क्रमांकाची आकृती मागितली आणि ती आधीच उघडी असली तर तीच पुढे येते व चालू ठरते. मॅटलॅबच्या सवयीची माणसे आपल्याकडे यावीत म्हणून हंटरने ही रीत मुद्दाम उचलली.

शुद्धतावाद्यांना हा दुसरा दरवाजा खपत नाही. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हे. मी शाळामास्तर, वर्गात "फळा पूस" म्हटले की मुलगा समोरचा फळा पुसतो, कोणता म्हणून विचारीत नाही. पण एकदा वर्गात दोन फळे असताना मी तेच म्हणालो, आणि उद्याच्या परीक्षेसाठी जपून ठेवलेले भूमितीचे प्रमेय पाठमोऱ्या माझ्या साक्षीने नाहीसे झाले. चालू आकृतीचेही असेच. दोन-तीन खिडक्या उघड्या असल्या की नव्या रेषा भलत्याच चित्रात जाऊन बसतात. तरीही त्या प्रयोगशाळेतला डॉक्टर डोळ्यांपुढे आणला म्हणजे मला हंटरची बाजू घ्यावीशी वाटते. रेषा पाहण्यासाठी ज्याला रोज पाच मिनिटे मिळतात, त्याला वस्तूंची वंशावळ पाठ करावयास लावणे हीदेखील किल्लीचीच दुसरी तऱ्हा झाली असती.

खिडकी जिवंत ठेवणे याहून अवघड. लिहिणारा पुढली आज्ञा टंकीत असतो तेव्हा यंत्र कळफलकाची वाट पाहते. आणि त्याच वेळी खिडकीला उंदराच्या टिचकीची वाट पाहावयाची असते. एका हाताने दोन दारे धरावयाची, असा हा पेच. एक वाट अशी की आकृती दाखवून प्रोग्रॅमने तेथेच थांबावे आणि खिडक्या मिटल्यावर पुढे चालावे. दुसरी अशी की कळ दाबली जाईपर्यंतचा रिकामा वेळ खिडकीला उसना द्यावा. शिवाय प्रत्येक संगणकाच्या खिडक्यांची जात वेगळी. म्हणून हंटरने मध्ये दुभाषा बसविला: टिचकी कोणत्याही जातीच्या खिडकीत पडो, आलेखाच्या कोणत्या बिंदूवर ती पडली हे एकाच भाषेत कळावे.

उघडलेले मिटविण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले. प्रोग्रॅमने शंभर आलेख काढून फाइलीत साठविले, पडद्यावर एकही खिडकी दिसली नाही, तरी या दुसऱ्या दरवाज्याने काढलेली प्रत्येक आकृती स्मरणात तशीच राहते. वीसच्या वर आकृत्या उघड्या झाल्या की यंत्र इशारा देते. स्वतः होऊन एकही मिटवीत नाही. कोणती कामाची, हे त्याला कसे कळावे?

पुढचा विस्तार झपाट्याने झाला. हबल दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या संस्थेने या साधनाचा स्वीकार केला आणि पैसाही पुरविला. २००८ मध्ये फीनिक्स यान मंगळावर उतरताना त्याची माहिती याच आलेखांतून पाहिली गेली. २०१९ मध्ये कृष्णविवराचे पहिले चित्र जगाने पाहिले, त्याच्या सिद्धतेतही मॅटप्लॉटलिबचा हात होता. आपल्याकडचा एक धागाही येथे सांगितला पाहिजे. पवईच्या आय. आय. टी. मध्ये पुढे अध्यापक झालेले प्रभू रामचंद्रन यांनी त्याच सुमारास पायथनमधून त्रिमितीय चित्रे फिरवून पाहण्याचे साधन रचले आणि त्याला 'मायावी' असे अस्सल आपले नाव दिले.

हंटर स्वतः पुढे विद्यापीठ सोडून शिकागोतल्याच एका व्यापारी पेढीत नोकरीस गेला, पण मॅटप्लॉटलिबचे काम त्याने सोडले नाही. जुलै २०१२ मध्ये ऑस्टिन येथे पायथन वापरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात त्याचे मुख्य भाषण झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्करोगाचे निदान झाले आणि उपचारांतील गुंतागुंतीने २८ ऑगस्ट २०१२ रोजी तो वारला. वय ४४. मागे पत्नी आणि तीन मुली.

काम मायकेल ड्रोएटबूम याने पुढे चालविले, नंतर टॉमस कॅसवेल त्यात आला. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत इंद्रधनुष्यी रंगपट्टी मुख्य जागेवरून काढली, कारण माहितीत नसलेल्या कडा ती डोळ्यांना दाखवीत असे. तिच्या जागी जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत सारख्या चढत्या उजेडाची पट्टी आली, जी रंगांधांनाही वाचता यावी. हंटरचे दोन्ही दरवाजे मात्र कोणी बुजविले नाहीत. सर्व आकृत्या मिटविण्याची आज्ञा दिली आणि मग नवी मागितली, तर तिचा क्रमांक अजूनही पुन्हा एकपासूनच सुरू होतो.