कूपरेजचे मैदान

प्रत्येक पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, अशी आज्ञा परमेश्वराने इस्राएल लोकांस दिली होती. लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात त्या वर्षास योबेल वर्ष म्हटले आहे, आणि ‘ज्युबिली’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. आपल्या महोत्सवाच्या या शुभप्रसंगी मुंबईतील एका जमिनीची हकीकत प्रिय वाचकांस सादर करावीशी वाटते. ती जमीन म्हणजे कूपरेजचे फूटबॉल मैदान होय.

आपल्या चौक भागातील जी मंडळी कामधंद्यानिमित्त मुंबईस जातात, त्यांस ओव्हल मैदानाच्या दक्षिण टोकाशी हे क्रीडांगण दिसेल. लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिरास इंग्रजीत कूपर म्हणतात. शिडांच्या काळी जहाजावरील पाणी व खारवलेले मांस पिंपांतून नेत असत. अशा पिंपांच्या कारखान्याचे नाव या जागेस चिकटले. कारखाना गेला, नाव मात्र राहिले.

पुढे या मैदानाची कीर्ती रोव्हर्स चषकाने वाढविली. ही स्पर्धा मुंबईत 1891 साली सुरू झाली आणि पहिला मान वूस्टरशायर पलटणीने मिळविला. त्यानंतर कित्येक वर्षे चषक गोऱ्या पलटणींच्याच छावण्यांत फिरत राहिला. त्यांच्या पायांत भक्कम बूट असत, तर आपले पुष्कळसे खेळाडू अनवाणी खेळत. 1923 साली कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, परंतु डरहॅम पलटणीपुढे त्यास हार खावी लागली. अखेर 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. हिंदी संघाचा तो पहिलाच विजय होय. आरंभापासून 46 वर्षे लोटली होती, म्हणजे योबेल वर्षास अवघी चार कमी! जे मैदान परक्यांचे भासत होते, ते भूमिपुत्रांस परत मिळाले, असेच म्हणावयास हवे.

यानंतर 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने हा चषक आपल्याकडे राखला. त्यांचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे मार्गदर्शक होते. तेथे ऑस्ट्रेलियावर 4-2 असा विजय मिळाला, व त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांनी केले. ऑलिंपिक फूटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. ते मूळचे गोमंतकीय असून मुंबईच्या संघांतून नावारूपास आले होते. पोटासाठी मुंबईस येऊन धोबीतलावच्या कुडींत राहणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांस त्यांचा केवढा अभिमान वाटला असेल, हे निराळे सांगावयास नको.

असो. 2001 सालानंतर रोव्हर्स स्पर्धा भरली नाही. कूपरेजवर आता कृत्रिम हिरवळ अंथरली आहे, आणि मोठे सामने अंधेरी व नेरूळ येथील प्रशस्त क्रीडांगणांकडे गेले आहेत. तथापि जागेच्या एकेका हातासाठी जेथे चढाओढ चालते, त्या मुंबईच्या दक्षिण भागात हे मैदान अद्याप मैदानच राहिले आहे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

संत जॉन बॉस्को यांनी 1846 साली तुरीन शहरातील वाल्दोक्को येथे गरीब मुलांसाठी आपले कार्य स्थिर केले, तेव्हा प्रार्थनामंदिराइतकेच खेळाच्या अंगणासही महत्त्व दिले. मूल जेथे आनंदाने धावते, तेथे ते उपदेशही आनंदाने ऐकते, हे त्यांनी ओळखले होते. आज आपल्या खालापूर-कर्जत भागातही जमिनीचे भाव चढत आहेत, आणि मोकळी जागा दिसताच तिजवर कुंपण पडते. अशा वेळी योबेल वर्षाची ती प्राचीन आज्ञा आपणांस काय सांगते? जमीन परमेश्वराची आहे. आपण तिजवर केवळ उपरे व पाहुणे आहोत. तेव्हा प्रत्येक धर्मग्रामाने निदान एक मोकळे अंगण आपल्या लेकरांसाठी राखून ठेवावे. महोत्सवाचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते?