पपेन

पपेन हे पपईच्या (शास्त्रीय नाव: कॅरिका पपाया) चिकातील प्रथिन-विघटक विकर (एंझाइम) आहे. विकरे ही बहुतांशी प्रथिने असून ती सजीवांतील रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवतात, परंतु त्यात स्वतः खर्ची पडत नाहीत. पपेनचे प्रमाण कच्च्या फळात अधिक असते. फळ पिकते तसे ते घटत जाते. १८७९ मध्ये शार्ल-आडोल्फ वुर्ट्झ व बुशू यांनी त्यास हे नाव दिले.

रचना आणि कार्य

पपेनचा रेणू २१२ ॲमिनो आम्लांच्या एका साखळीचा असतो. साखळीची घडी दोन भागांत पडून मध्ये खाच तयार होते. या खाचेत २५ व्या स्थानावरील सिस्टीन व १५९ व्या स्थानावरील हिस्टिडीन समोरासमोर येतात. प्रथिन खाचेत शिरले की सिस्टीनमधील गंधक त्याच्या पेप्टाइड बंधावर क्रिया करतो. बंध तुटून एक तुकडा सुटतो. दुसरा पाण्याच्या रेणूमुळे मोकळा होतो आणि पपेन पुन्हा कार्यक्षम होते. अतिउष्णतेने घडी उलगडल्यास ही क्षमता नष्ट होते.

वनस्पतीतील भूमिका

झाडात पपेन निष्क्रिय पूर्वरूपात साठवलेले असते. पान किंवा फळाला इजा होऊन चीक वाहू लागताच ते सक्रिय होते व पाने खाणाऱ्या अळ्यांना अपायकारक ठरते.

उत्पादन

नंदुरबार जिल्हा, विशेषतः शहादा तालुका, महाराष्ट्रातील पपई लागवडीचे प्रमुख क्षेत्र आहे. तेथील पीक मुख्यतः फळासाठी घेतले जाते. पपेनसाठी मात्र झाडावरील पूर्ण वाढलेल्या हिरव्या फळांवर सकाळी उथळ उभ्या चिरा देतात. लोहाच्या संपर्काने पपेनची क्रियाशीलता घटत असल्याने चीक धातूच्या भांड्यात न घेता गोळा करून कमी तापमानात वाळवतात. चिरा दिलेले फळ खाण्यायोग्य राहते, पण डागांमुळे बाजारात त्यास कमी भाव मिळतो. त्यामुळे चिकाचे उत्पन्न ही घट भरून काढते की नाही, यावर उत्पादकाचा निर्णय अवलंबून असतो. अशी फळे टुटीफ्रुटीसाठी वापरता येतात.

उपयोग

मांस मऊ करण्यासाठी त्यास कच्ची पपई लावण्याची पद्धत पपेनच्या क्रियेवर आधारलेली आहे. बिअरमधील गढूळपणा टाळण्यासाठीही पपेन वापरतात. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टर यांनी पपेनच्या साहाय्याने प्रतिपिंडाचे तुकडे करून त्याच्या रचनेचा उलगडा केला. या कार्यासाठी त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दक्षता

ताज्या चिकाने त्वचेचा दाह होतो, तर पपेनची भुकटी श्वासावाटे गेल्यास काहींना दम्यासारखी ॲलर्जी होते.