मरजान, निळा प्रकाश आणि आपला डोळा

मागच्या हिवाळ्यात दोह्याहून मामेभावाचा फोन आला. आवाज पडलेला. ‘भाई, सगळं कोरल पांढरं पडलं. आठ दिवसांत.’ कोकणातली आमची बरीच मुलं आखातात नोकरीला आहेत. कुणी तिथे क्रिकेटची टीम काढतं, कुणी गच्चीवर कबुतरं पाळतं. याने घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती. तिच्यात मासे होतेच, पण त्याचा जीव होता तो जिवंत प्रवाळांवर.

तो दुसऱ्यांदा फसला होता. पहिल्यांदा त्याने खोक्यावरचा लुमेनचा आकडा बघून लख्ख पांढरा एलईडी दिवा घेतला. खोली उजळली, पण प्रवाळं हळूहळू तपकिरी, मळकट झाली. मग पैसे साठवून प्रवाळांसाठीचा खास निळा दिवा आणला आणि पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर लावला. आठवड्यात सगळा पांढरा सांगाडा उरला. ‘कमी प्रकाशात काळवंडलं, जास्त प्रकाशात मेलं. मग द्यायचं तरी काय?’ असा त्याचा प्रश्न होता.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की त्याच्या दोन्ही चुकांचं उत्तर प्रवाळ आणि प्रकाश यांच्या इतिहासात आहे.

अंगठीतलं मरजान आणि टाकीतलं कोरल

आधी शब्दाचा घोळ मिटवू. उर्दू-फारसीत मरजान, मराठीत पोवळं. गझलेत प्रेयसीच्या ओठांना ज्याची उपमा देतात, चांदीच्या अंगठीत जे बसवतात, ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते कपारींत, गुहांत, अंधाऱ्या जागी वाढतं. त्याला उन्हाची गरज नाही.

उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात भिंती आणि बेटं रचणारं प्रवाळ वेगळं. तोही प्राणीच, पण त्याच्या मांसल पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देतं. बदल्यात त्याला आसरा आणि खत मिळतं. म्हणजे प्रवाळाच्या टाकीवर दिवा लावणं हे शोभेचं काम नाही. तो दिवा हीच त्या जिवाची भाकरी आहे.

ही गोष्ट कळायला माणसाला फार वेळ लागला. प्रवाळ ही वनस्पती की दगड, यावरच शतकानुशतकं वाद चालला. अठराव्या शतकात मार्सेयच्या पेसोनेल नावाच्या वैद्याने तो प्राणी असल्याचं मांडलं, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते मनावर घेतलं नाही. आत राहणाऱ्या शैवालाला १८८१ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ब्रांट यांनी झूझँथेली हे नाव दिलं. पण ते तिथे करतं काय, हे कोडंच होतं. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर राहिली. त्यांनी प्रवाळं काळोख्या पेटाऱ्यांत ठेवून पाहिली. प्रवाळांनी शैवाल बाहेर टाकलं, पण खायला मिळालं तर ती जगली. यंग यांनी निष्कर्ष काढला की शैवालाचा उपयोग मुख्यतः टाकाऊ द्रव्यं काढून घेण्यापुरता आहे. एवढी मेहनत करूनही मुख्य गोष्ट निसटली. पुढे पन्नास-साठच्या दशकांत किरणोत्सारी कार्बन वापरून लिओनार्ड मस्कटीन आणि इतरांनी दाखवलं की शैवालाने उन्हात तयार केलेलं अन्न खरोखरच यजमानाच्या अंगात जातं.

जकार्ताचं ऊन, जर्मनीचा दिवा

शास्त्रज्ञांचं हे चाललेलं असताना जकार्तात ली चिन एंग नावाचे गृहस्थ घरच्या टाक्यांत प्रवाळं जगवत होते. १९६१ साली त्यांनी अमेरिकेच्या एका मत्स्यछंदी मासिकात आपली रीत लिहिली. समुद्राचं पाणी, समुद्रातून आणलेले जीवांनी भरलेले खडक, हवेचे थोडे बुडबुडे आणि वरून पडणारं ऊन. बस्स. दिव्याचा त्यात भाग नव्हताच. विषुववृत्ताजवळच्या गावात सूर्य बाराही महिने बारा तास हजर असतो. तिथे दिवा कशाला?

युरोप-अमेरिकेत ही रीत जशीच्या तशी चालेना. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचं मत्स्यालय १८५३ मध्येच उभं राहिलं होतं. मासे पाहण्याची हौस तिथे जुनी, पण हिवाळ्यात दुपारी चारला अंधार. मासे तेवढ्यावर निभावतात, प्रवाळ निभावत नाही. म्हणून सूर्याला पर्याय शोधण्याची गरज प्रवाळ असलेल्या देशांना नाही, प्रवाळ नसलेल्या देशांना पडली.

आधी ट्यूबलाइटी लावल्या. मग ऐंशीच्या दशकात, विशेषतः जर्मनीत, मेटल हॅलाइडचे दिवे आले. मैदानावर, गोदामात लागतात तसले. दीडशे, अडीचशे, चारशे वॅटचे. त्यांच्याखाली फांद्यांची नाजूक प्रवाळंही वाढू लागली. जोडीला ४२० नॅनोमीटरच्या आसपास चमकणाऱ्या निळ्या ट्यूब लावत. पण किंमत मोठी होती. वीजबिल भरमसाट, पाणी इतकं तापे की ते थंड करायला वेगळं यंत्र लागे, आणि बल्बचा रंग उतरतो म्हणून तो साधारण वर्षाने बदलावा लागे. हा छंद श्रीमंतांचाच राहिला, तो यामुळे.

शेवटी सापडलेला रंग

समुद्रात खाली जाऊ तसा प्रकाश गाळला जातो. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच संपतो. निळा सगळ्यात खोल जातो. लाखो वर्षं त्या निळाईत राहिलेल्या शैवालाची रंगद्रव्यंही निळा प्रकाश उत्तम शोषतात. प्रवाळाचा दिवा निळा का, याचं हे साधं कारण.

आता एलईडीचा इतिहास पाहा. रशियात ओलेग लोसेव्ह यांनी स्फटिकातून निघणाऱ्या उजेडाचा अभ्यास १९२०च्या दशकातच केला होता. डोळ्याला दिसणारा तांबडा एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केला. हिरवा, पिवळा पाठोपाठ आले. तेजस्वी निळा मात्र तीस वर्षं हुलकावणी देत राहिला. त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक कुणाला बनवता येईना. बहुतेकांनी नाद सोडला. जपानात नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो चिकटून राहिले. तोकुशिमा या आडबाजूच्या प्रांतातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा एकट्याने झगडत होते. १९९३ मध्ये निचियाने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला. २०१४ मध्ये तिघांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

मला यात एक योगायोग दिसतो. प्रवाळाला जो रंग सगळ्यात आधी हवा, तोच माणसाला सगळ्यात शेवटी साधला. आपल्या घरातला पांढरा एलईडीही मुळात निळाच असतो, त्यावर पिवळा लेप दिलेला असतो. निळा सापडला नसता तर यातलं काहीच नसतं.

अमेरिकेत २००६-०७च्या सुमारास पीएफओ लाइटिंगचा ‘सोलारिस’ हा प्रवाळ टाक्यांसाठीचा एलईडी दिवा आला. लवकरच ऑर्बिटेक कंपनीने पेटंटचा दावा लावला आणि थोड्याच वर्षांत पीएफओ बंद पडली. पण वाट उघडली होती. पुढच्या दशकात हॅलाइड मागे पडला.

डोळा चुकतो

आता भावाच्या पहिल्या चुकीकडे येऊ. लुमेन म्हणजे काय? माणसाच्या डोळ्याला उजेड किती भासतो, त्याचं माप. १९२४ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या प्रमाण डोळ्यावर ते बेतलेलं आहे. हा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट उजेडाला पूर्ण गुण देतो, आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला शंभरातले जेमतेम चार. प्रवाळाला जे सर्वांत हवं ते या मापात जवळपास शून्य! भावाने घेतलेला दिवा त्याच्या डोळ्यासाठी लख्ख होता, प्रवाळासाठी मंद. उपाशी प्रवाळाने मिळेल तो प्रकाश पकडायला शैवाल वाढवलं, म्हणून ते तपकिरी झालं.

योग्य माप आहे ‘पार’. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले, वनस्पतींना वापरता येणारे प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती पडतात, त्याची मोजणी. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्रावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीत एवढा लागत नाही. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० पुरतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. डोळ्यातून किरण निघत नाहीत, प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यांनी मांडलं हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या ग्रंथाचा तिसरा भाग सबंध दृष्टीच्या चुकांवर आहे, याची आठवण कमी होते. दिसतं ते तपासून घ्या, हा त्यांचा आग्रह दिवा घेतानाही तितकाच लागू आहे.

दुसरी चूक त्याहून दारुण. जास्त प्रकाश म्हणजे जास्त अन्न, असं नाही. एका मर्यादेपुढे शैवालाचं यंत्र बिघडतं, विषारी ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं. तापलेल्या समुद्रात होतं तेच. मंद उजेडाला सरावलेल्या जिवावर एकदम पूर्ण ताकदीचा दिवा म्हणजे कोठडीतून थेट वैशाखाच्या उन्हात.

म्हणून घेणाऱ्याने एवढं पाहावं. खोक्यावर लुमेन नव्हे, पारचे आकडे द्या म्हणावं, तेही कोणत्या उंचीवरून आणि किती खोलीवर मोजले ते विचारावं. पारमापक भाड्याने मिळत असेल तर टाकीत स्वतः मोजावं. निळे आणि पांढरे दिवे वेगवेगळे कमी-जास्त करता आले पाहिजेत. एकाच ठिपक्यातून येणाऱ्या उजेडाने फांद्यांखाली सावल्या पडतात, म्हणून लांब टाकीला एकाऐवजी दोन दिवे. सुरुवात तीस-चाळीस टक्क्यांवर, मग दर आठवड्याला थोडं थोडं. दिवसाला आठ ते दहा तास बास. आणि रंग जास्त चमकतात म्हणून जांभळा चढवत नेऊ नये. तो पुन्हा आपल्याच डोळ्याचा हट्ट.

भावाने आता टाकी पुन्हा भरली आहे. या वेळी तिथल्याच एका छंदिष्टाने घरी वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे घेतले, समुद्रातून काढलेले नाहीत. दिवा पस्तीस टक्क्यांवर आहे.

इथे हे वाचून कुणाला हौस आली तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतात २००१ पासून भिंती रचणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवणच्या समुद्रातून किंवा लक्षद्वीपहून आणलेला तुकडा घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग दिवा कितीही उत्तम असो. ज्याला पाहायचं आहे त्याने मालवणला स्वच्छ पाण्याच्या दिवसांत डोकं पाण्याखाली घालावं. तिथलं ऊन फुकट आहे, आणि त्याचं प्रमाण कुणाला ठरवावं लागत नाही.