भिन्न संगणक-प्रणालींमधील मुद्रण आणि देवनागरी मजकूर : यवतमाळच्या संदर्भात

यवतमाळ जिल्ह्याच्या मुद्रणेतिहासात ‘लोकमत’चे स्थान सर्वपरिचित आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस लोकनायक बापूजी अणे यांनी हे पत्र यवतमाळातून सुरू केले. पुढे १९५२ मध्ये जवाहरलाल दर्डा यांनी ते साप्ताहिक स्वरूपात पुन्हा चालविले. त्या काळी जुळारी हस्तलिखित वाचून जे खिळे लावी, तेच कागदावर उमटत. संगणकाने ही एकसंधता मोडली. मजकूर एका यंत्रात आणि छपाईयंत्र दुसऱ्या यंत्राला जोडलेले, अशी स्थिती आली. त्यातही दोन्ही यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिम भिन्न असल्या की संवादाचा प्रश्न उभा राही.

युनिक्समध्ये रूढ असलेल्या ‘एलपीडी’ पद्धतीचे वर्णन १९९० मध्ये लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले. विंडोजची पद्धत मात्र निराळी होती. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये आरंभिलेल्या ‘सांबा’ या प्रकल्पातून पुढे युनिक्स-लिनक्सचा प्रिंटर विंडोजला आपलाच वाटू लागला. मायकेल स्वीट यांची ‘कप्स’ ही प्रणाली १९९९ मध्ये आली आणि २००२ मध्ये अ‍ॅपलनेही ती स्वीकारली.

देवनागरीच्या बाबतीत मात्र एक विसंगती निर्माण झाली. ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले होते, तरी प्रकाशन-व्यवहारातील अनेक फॉन्ट स्वतःचेच संकेत वापरीत. अशा फॉन्टमधील फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी दिसे. तीच फाइल मूळ संगणकावरून जाळ्यातील प्रिंटरकडे पाठविली, तर बहुधा निर्दोष छापली जाई. कारण अक्षरांची घडण पाठविणारा संगणकच करी. पोस्टस्क्रिप्टसारख्या पृष्ठवर्णन-भाषेतून पलीकडे जाई ती अक्षरांची आकृती, संकेत नव्हे. प्रिंटरला मराठी येण्याची गरजच नव्हती!

छपाईच्या या यशाने मूळ दोष झाकला, असे म्हणावे लागते. कागद शुद्ध निघत असल्याने फाइलची चौकशी कोण करणार? युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. पण जोडाक्षरे योग्य दाखविणारी व्यवस्था विंडोजमध्ये २००० च्या सुमारास रुळू लागली आणि लिनक्ससाठी ‘लोहित’ फॉन्ट २००४ मध्ये मुक्त झाले. तोवर स्मरणिका, अहवाल, इतिवृत्ते अशी साधने जुन्या संकेतांत साठत गेली. जिल्ह्याचा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यास अशी साधने छापील प्रतीत वाचता येतात. फाइलमध्ये मात्र शब्द शोधता येत नाही. मूळ फॉन्टचे नाव नोंदलेले असेल तर रूपांतर सुकर होते. ते नाव छापील पानावर सहसा नसते.