दौहित्राचा पौत्र : नागपूरकर भोसल्यांच्या वंशावळीतील स्त्रिया

वर्धा नदीच्या पश्चिमेकडील ज्या मुलखात वणी वसलेली आहे, तो मुलूख १८०३ मध्ये देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना सोडावा लागला. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्याच नावाने ओळखला जात असे. या भागाचा भोसले दरबाराशी असलेला राजकीय संबंध अशा रीतीने लवकर तुटला; परंतु ज्या घराण्याचा अंमल येथे होता, त्याची वंशावळ पुढे कशी चालली, हा प्रश्न अभ्यासकाने अवश्य तपासावा असा आहे.

रूढ वंशावळीत रघूजी, परसोजी, मुधोजी व पुन्हा रघूजी अशी पुरुषनामांची सरळ मालिका दिसते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले. त्यांचे पुत्र परसोजी यांचा १८१७ मध्ये खून झाला आणि त्यानंतर गादीवर आलेल्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेबांना इंग्रजांनी १८१८ मध्ये पदच्युत केले. तेव्हा गादीवर बसविण्यात आलेला बाजीबा हा गुजर घराण्यातील मुलगा दुसऱ्या रघूजींची कन्या बानूबाई हिचा पुत्र होता. परसोजींच्या विधवेने त्यास दत्तक घेतले व त्याचे नाव रघूजी ठेवण्यात आले.

येथे नातेवाचक शब्दांकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते. रक्तसंबंधाने बाजीबा हा रघूजींचा दौहित्र. दत्तविधानाने तो पौत्र झाला. एका संस्काराने शब्द पालटला, आडनाव पालटले, आणि जिच्यामुळे त्याचा गादीशी संबंध जुळला ती बानूबाई मात्र वंशवृक्षातून गळाली.

युरोपातील राजघराण्यांत नेमके उलट घडलेले दिसते. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये इंग्लंडच्या सिंहासनावर आली. हॅनोव्हरमध्ये मात्र पुरुषवारसास अग्रक्रम असल्याने ते राज्य तिच्या चुलत्याकडे गेले. १९०१ मध्ये तिचा पुत्र सातवा एडवर्ड राजा झाला, तेव्हा इंग्लंडच्या राजघराण्याचे नाव पित्याच्या कुळावरून बदलले. तेथे राणीचे नाव राहिले व घराण्याचे बदलले. नागपुरास घराण्याचे नाव राखण्यासाठी मुलाचे बदलले आणि कन्येचे पुसले गेले.

तथापि नागपूरच्या राजस्त्रिया केवळ वंशाचे दुवे नव्हत्या. दुसऱ्या रघूजींची राणी बाकाबाई हिने अल्पवयीन राजाच्या पालनाची जबाबदारी वाहिली. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर राण्यांनी दत्तकाचा हक्क सांगितला. १८१८ मध्ये विधवेचे दत्तविधान चालले होते. आता ते चालेना. १८१८ चे राज्य ही इंग्रजांनी दिलेली देणगी होती, असा युक्तिवाद करून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूर खालसा केले. त्या वेळी इंग्लंडच्या सिंहासनावर एक स्त्रीच होती, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. राजवाड्यातील जडजवाहीर लिलावास निघाले. बाकाबाईने तक्रारी केल्या, विलायतेस वकील धाडले. परंतु १८५७ च्या उठावात ती इंग्रजांविरुद्ध गेली नाही. १८५८ मध्ये तिचा अंत झाला.

तात्पर्य, भोसल्यांच्या वंशावळीत ‘दत्तक’ हा शब्द जेथे येतो, तेथे अभ्यासकाने थांबले पाहिजे. त्या एका शब्दामागे दत्तक घेणारी विधवा असते आणि मूल देणारी माताही असते. दोघींची नावे शोधून लिहिल्याखेरीज ती वंशावळ पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.