पुनरुत्थानाचे मंडन : सेल्ससपासून स्ट्राउसपर्यंत

ख्रिस्ती धर्माचे अधिष्ठान येशूच्या पुनरुत्थानावर आहे. ही घटना असत्य ठरल्यास आपला सारा उपदेश निरर्थक ठरेल, अशी कबुली पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिली आहे. साहजिकच संशयवाद्यांनी पहिला घाव येथेच घातला. शिष्यांनी प्रेत चोरून नेले, हा आरोप तर मत्तयाच्या शुभवर्तमानातच नोंदविलेला आढळतो.

या आक्षेपांना सविस्तर रूप दिले ते दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील ग्रीक विचारवंत सेल्सस याने. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. इ. स. २४८ च्या सुमारास ओरिजेनने त्याच्या खंडनार्थ आठ भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात प्रतिपक्षाचे उतारेच्या उतारे दिले. सेल्सस आज वाचावयास मिळतो तो त्यामुळेच! पुनरुत्थित येशूस एका भ्रमिष्ट स्त्रीने पाहिले, इतरांना स्वप्न पडले वा इच्छेपोटी भास झाला, असे सेल्ससचे म्हणणे. यावर ओरिजेनचा मुख्य युक्तिवाद शिष्यांच्या आचरणाचा आहे : स्वतः रचलेल्या असत्यासाठी माणसे प्राण संकटात घालीत नाहीत. मात्र येशू आपल्या न्यायाधीशांना व शत्रूंना का दिसला नाही, हा आक्षेप उपेक्षणीय नाही, हे त्याने प्रांजळपणे मान्य केले. ते दर्शन सोसण्याची पात्रता सर्वांत नव्हती, हे त्याचे उत्तर श्रद्धावंतांपुरतेच समाधानकारक म्हणावे लागेल.

अठराव्या शतकात वाद जर्मनीत नव्याने पेटला. हॅम्बुर्गचे प्राध्यापक रायमारुस यांनी प्रेतचोरीचा आरोप पुन्हा मांडला, पण हयातीत ते लिखाण गुप्त ठेवले. लेसिंगने त्यातील भाग १७७४ ते १७७८ या काळात निनावी प्रसिद्ध केले. पुढे हायडेलबर्गच्या पाउलुस यांनी १८२८ मध्ये वेगळी उपपत्ती सुचविली : येशू क्रूसावर मरण पावला नव्हता, मूर्च्छित झाला होता आणि कबरेच्या गारव्यात शुद्धीवर आला.

या मूर्च्छा-उपपत्तीचे सर्वांत प्रभावी खंडन कोणा धर्मोपदेशकाने केले नाही. ते केले डेव्हिड फ्रीडरिश स्ट्राउस यांनी. हे स्वतः संशयवादी. १८३५ च्या 'येशूचे चरित्र' या ग्रंथामुळे त्यांना ट्यूबिंगेनमधील पद गमवावे लागले होते. अर्धमेल्या, जखमांवर पट्ट्या बांधून घेणाऱ्या, शुश्रूषेची गरज असलेल्या माणसाकडे पाहून शिष्यांना तो मृत्युंजय वाटणे अशक्य, असे त्यांनी १८६४ मध्ये दाखवून दिले. मंडनकर्त्यांनी हा युक्तिवाद तत्काळ उचलला आणि आजतागायत तो वापरला जातो. अर्थात स्ट्राउस यांचा निष्कर्ष पुनरुत्थानाचा नव्हता. शिष्यांना दृष्टान्त झाले, असा होता.

ही दृष्टान्त-उपपत्तीच मंडनकर्त्यांस सर्वाधिक जड गेली. तिच्यावर त्यांची उत्तरे तीन : कबर रिकामी आढळली, पौल हा विरोधक असल्याने त्याच्या मनात दर्शनाची अपेक्षा नव्हती, आणि पहिल्या साक्षीदार स्त्रिया होत्या. तत्कालीन ज्यू समाजात स्त्रियांच्या साक्षीस फारसे वजन नसल्याने कथा रचणाऱ्याने त्यांना पुढे केले नसते. सेल्ससने ज्या गोष्टीची टवाळी केली, तीच येथे पुरावा म्हणून उभी राहते. अडचण एवढीच की, उपलब्ध साधनांत सर्वांत जुन्या अशा पौलाच्या पत्रातील साक्षीदारांच्या यादीत केफा, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि अखेरीस स्वतः पौल आहे. पण एकाही स्त्रीचे नाव नाही.