कृत्रिम हिरवळ, घरगुती : झीज व दुरुस्ती

घराच्या अंगणात, गच्चीवर किंवा सज्जात अंथरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या गवती गालिच्याला कृत्रिम हिरवळ म्हणतात. बाजारात ती 'आर्टिफिशियल ग्रास' किंवा नुसती 'टर्फ' म्हणून, पातीच्या उंचीनुसार (25, 35, 40 मिमी.) आणि चौरस फुटाच्या भावाने मिळते. उभी हिरवी पाती बहुधा पॉलिएथिलीनची आणि मुळाशी दिसणारी कुरळी, तपकिरी पाती पॉलिप्रॉपिलीनची असते. दोन्ही विणलेल्या पाठीत ओळीने शिवून खालून लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप देतात व पाणी जाण्यासाठी भोके ठेवतात. उंच पातीच्या गालिच्यात वाळू भरून पाती उभी ठेवली जाते. पाती, पाठ, वाळू आणि खालची जमीन यांपैकी नेमके काय बिघडले आहे, यावर दुरुस्तीची रीत ठरते.

अमेरिकेतील ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या बंदिस्त क्रीडागारात 1966 मध्ये असे गवत अंथरले गेले, आणि तिथूनच 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव रूढ झाले. भारतीयांना त्याची ओळख झाली ती हॉकीमुळे : 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठावर खेळली गेली. घरगुती गालिचा ही त्याच वस्तूची स्वस्त व नाजूक आवृत्ती आहे. मैदानावरचे ऊन तिच्याही वाट्याला येते, मैदानाची निगा मात्र येत नाही.

माळव्यातील उज्जैन शहराचे हवामान या वस्तूची कठोर परीक्षा घेते. शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे जूनच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य जवळपास डोक्यावर येतो. मे महिन्यात हवेचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा उन्हातल्या गालिच्याचा पृष्ठभाग 60 अंशांपलीकडे तापू शकतो. जंबुपार किरणांनी पाती फिकट व ठिसूळ होते. पाती बोटांत चुरल्यावर हिरवी भुकटी उरली, तर दुरुस्तीची वेळ गेली असे समजावे. ठिगळ लावायला निदान त्याच्या कडेची पाती तरी धड असावी लागते.

त्याहून फसवा बिघाड जमिनीतून येतो. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट अंथरलेला गालिचा वर्षभरात कुठे खचतो, कुठे फुगतो, सांधे उघडतात. वरून सांधा पुन्हा चिकटवून काही साधत नाही. गालिचा गुंडाळून बाजूला घ्यावा, खचलेल्या भागातील माती साधारण 10 सेंमी. खोल काढावी, तिथे मुरूम व बारीक गिट्टी थराथराने ठोकून बसवावी, वर खडीची चुरी पसरून पाणी एका बाजूला वाहील असा हलका उतार द्यावा. काम घामाचे आहे आणि ते टाळण्याकडेच बहुतेक कारागिरांचा कल असतो.

जळलेले डाग हा घरगुती हिरवळीचा नेहमीचा विकार. दिवाळीची फुलबाजी, पणती, सिगारेट ही ओळखीची कारणे. समोरच्या खिडकीच्या परावर्तक काचेतून एकाच जागी पडणारी तिरीपही पाती वितळवू शकते, पण ते कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी आधी काचेवर आडोसा करावा, नाहीतर नवे ठिगळही तसेच जळते. केवळ टोके वितळली असतील तर कात्रीने छाटणे पुरते. पाठ जळली असेल तर तेवढा भाग कापून काढावा लागतो.

ठिगळ बसवताना वाळू झाडून घेतात व खराब भाग पाठीकडून, टाक्यांच्या दोन ओळींमधून, चौकोनी कापतात. वरून कापल्यास चांगली पातीही तुटते. काढलेला तुकडा नव्या तुकड्यासाठी नमुना म्हणून वापरतात. पातीचा कल दोन्हीकडे एकाच दिशेला हवा. तो चुकला तर चौकोन लांबूनही वेगळ्या रंगाचा भासतो. नवा माल जुन्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून कुंड्यांमागचा किंवा भिंतीलगतचा जुना तुकडा डागाच्या जागी आणि नवा तुकडा त्या कोपऱ्यात बसवणे शहाणपणाचे. छिद्राखाली जोडपट्टी सरकवून तिच्यावर पॉलियुरेथेनचा चिकट लावतात, तुकडा दाबताना कडेची पाती चिकटात अडकू देत नाहीत आणि चिकट वाळेपर्यंत विटांचे वजन ठेवतात.

उघडलेला सांधा जोडताना दोन्ही कडांच्या विसकटलेल्या ओळी छाटून नवी जोडपट्टी घालतात. कडांमधील अंतर टाक्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराएवढेच ठेवतात. जास्त झाले तर रेघ दिसते, कमी झाले तर कडा एकमेकींवर चढतात. पॉलिएथिलीन उष्णतेने बरेच प्रसरण पावते, त्यामुळे भर दुपारी ताणून जोडलेला सांधा थंडीत फाकतो. उज्जैनमध्ये पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, सकाळी दव सुकल्यानंतर हे काम करणे सोयीचे. पावसाळ्यात ओलसर पाठीवर चिकट धरत नाही.

रेल्वे स्थानक व बसस्थानकाजवळच्या देवास गेटसारख्या दाट वस्तीत मोकळे अंगण दुर्मीळ, म्हणून तिथे गालिच्याची जागा गच्ची किंवा सज्जा हीच. गच्चीवर खिळे मारू नयेत, त्यांनी जलरोधक थर फुटतो. कडा चिकटाने किंवा कुंड्यांच्या वजनाने धराव्यात. पाणी तुंबत असेल तर गालिचा उचलून आधी नाळीचे तोंड व पाठीची भोके मोकळी करावीत. कुत्र्याच्या मूत्राचा वास बहुधा याच तुंबण्यातून टिकतो. तिथे भरपूर पाण्याने धुऊन वाळू बदलावी.

चालण्याच्या वाटेवर दबलेली पाती कलाच्या उलट दिशेने ताठ प्लास्टिकच्या कुंच्याने झाडली की बरीच उठते. तारेचा कुंचा वापरू नये. मग धुतलेली, गोल कणांची सिलिका वाळू कोरड्या दिवशी थोडी थोडी पसरून आत झाडतात. काळा रबरी चुरा घरासाठी टाळावा : तो उन्हात फार तापतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात जातो. सूक्ष्मप्लास्टिकच्या कारणाने युरोपीय संघाने 2023 मध्ये अशा भरावाच्या विक्रीवर बंदीचा नियम केला असून ती 2031 पासून लागू होणार आहे.

पाती सर्वत्र ठिसूळ झाली किंवा पाठीचा लेप सुटून गुच्छ हाताने उपटू लागले की गालिचा बदलणेच योग्य. निरनिराळी प्लास्टिके व लॅटेक्स एकत्र असल्याने जुना माल वितळवून पुन्हा वापरणे अवघड जाते. धड राहिलेले तुकडे ठिगळांसाठी राखतात आणि वाळू धुऊन नव्या गालिच्यात भरतात.